चाँद मिनारपर्यंत आणि परत

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वेरूळच्या रस्त्याला लागलं की छावणी मागे पडते, मिटमिटा जातं आणि पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा डोंगर दिसू लागतो. शंकूच्या आकाराचा, एकटा. त्याचा पायथा माणसांनी तासून भिंतीसारखा उभा केलेला आहे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटतं, वर जायला वाटच नाही. यादवांची देवगिरी ती हीच. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली आणि नाव दौलताबाद ठेवलं, हे आपल्या मुलांना पाठ असतं.

आमच्या भागातल्या बहुतेक शाळांची सहल इथं एकदा तरी येतेच. मीही अठरा वर्षांच्या नोकरीत कितीतरी वर्ग घेऊन आले. सहलीचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. नऊला महाकोटाचा दरवाजा, साडेदहापर्यंत माथा, बाराला खाली येऊन डबे. माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत असं सांगतात. मुलं त्या मोजायला निघायची आणि अंधारीत शिरल्यावर आकडा विसरायची.

गेली दोन वर्षं मी हाच किल्ला वेगळ्या मापानं पाहते आहे. एका रविवारी महाकोटाच्या दरवाजापर्यंत, पुढच्या महिन्यात हत्ती हौदापर्यंत, मग चाँद मिनारपर्यंत. आणि दर वेळी परत. कारण माझा उजवा पाय.

पावसाळ्यात घरच्या ओल्या अंगणात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड छान जुळलं, एक्स-रे स्वच्छ आला, पण दुखणं गेलं नाही, उलट वाढलं. पाऊल सुजायचं, कधी लालबुंद आणि गरम, कधी निळसर आणि थंड. मोजा घालवत नव्हता. रात्री अंगावरची चादर पावलाला लागली तरी जाग यायची. एका डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बाजूला सारून ‘मनावर घेऊ नका’ असं सांगितलं. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आजाराचं नाव लिहून दिलं: कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, थोडक्यात सी.आर.पी.एस.

हाड मोडणं, मुरगळणं किंवा ऑपरेशन यानंतर काही लोकांना हे होतं. मूळ जखम भरते, पण मज्जातंतू धोक्याची वर्दी देतच राहतात. मेंदूही त्या अवयवाच्या बाबतीत घाबरट होतो. साधा स्पर्श त्याला आगीसारखा वाटतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. आजार नवा नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वीअर मिचेल या डॉक्टरांनी गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांमध्ये अशीच आग होताना पाहून ती लिहून ठेवली होती. आजचं नाव मात्र १९९४चं आहे.

डॉक्टरांनी विचारलं, “कसं दुखतं?” मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, तरी त्या क्षणी गप्प झाले. घरी येऊन वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. एकात दर्द, टीस, चुभन, जलन. दुसऱ्यात कळ, ठणका, चमक, सल, मुंग्या. मग रोज त्या दिवसाचा शब्द लिहू लागले. पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांना दाखवलं. ‘जलन’ आणि ‘मुंग्या’ हे शब्द सर्वांत जास्त वेळा आलेले पाहून त्यांनी औषध ठरवलं. इब्ने सिनानं आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात दुखण्याचे पंधरा प्रकार मांडले आहेत, हे मी पूर्वी परीक्षेपुरतं वाचलं होतं. हजार वर्षांपूर्वी एका हकीमाला पंधरा वेगळी नावं का लागली असतील, ते आता कळतं. आपल्या घरांतल्या बायकांना ‘दुखतंय’ एवढाच एक शब्द वापरायची सवय असते. तोही भाकऱ्या थापता थापता.

या आजारात पूर्ण विश्रांती घेतली तर पाय आणखी बिघडतो. वापरायचा, पण मापानं. आमचा फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगा आहे. त्यानं पहिल्याच दिवशी नियम सांगितला, “मॅडम, अंतर आधी ठरवायचं. बरं वाटलं तरी त्याच्या पुढे नाही, थोडं दुखलं तरी त्याच्या आधी परत नाही.” सोबत घरचा अभ्यास होता. पावलावरून आधी कापूस फिरवायचा, मग रेशमी दुपट्टा, मग टॉवेल, मग तांदळाच्या परातीत पाय. धाकट्या मुलीनं चपलांच्या जाहिरातींतून पावलांची चित्रं कापली. ती चित्र दाखवायची आणि मी झटकन सांगायचं, डावं की उजवं. सुरुवातीला उजव्या पावलाला मला जास्त वेळ लागायचा. मग आरसा आला. दोन पायांच्या मधे आरसा उभा करून डावं पाऊल हलवायचं आणि आरशात पाहायचं, म्हणजे मेंदूला उजवंच न दुखता हलताना दिसतं. ही युक्ती मूळ भारतीय असलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात, कापलेल्या हातापायाच्या जागी दुखत राहणाऱ्या रुग्णांसाठी वापरली होती. सासूबाईंना हा प्रकार जादूटोण्यासारखा वाटला. त्यांनी आठवडाभर लांबूनच पाहिलं आणि मग स्वतःच आरसा पुसून द्यायला लागल्या.

चालायची सुरुवात पाणचक्कीला केली. शहरातच आहे, जमीन सपाट, आणि थकलं की बसायला सावली. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही पाण्यावर चालणारी चक्की आहे. इथं येणाऱ्या दरवेशांसाठी, मुसाफिरांसाठी ती धान्य दळायची. पर्यटक हौदातले मासे आणि जुना वड पाहून, फोटो काढून निघून जातात. खरं पाहण्यासारखं आहे ते हौदात पडणारं पाणी, आणि त्याहून जास्त ते येतं कसं ते. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातून ते जमिनीखालच्या मातीच्या नळांनी काही किलोमीटर वाहत येतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात नहरींची जी कला रुजवली, तिचंच हे पुढचं रूप. वाटेत ठिकठिकाणी विटांचे उंच मनोरे उभारलेले होते. पाणी त्यात वर चढायचं, नळात साठलेली हवा बाहेर पडायची आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे निघायचं. ते मनोरे नसते तर दाबानं नळ फुटले असते. मी पाच मिनिटं चालून दोन मिनिटं बसायची तेव्हा आधी लाज वाटायची, लोक बघतात असं वाटायचं. मनोऱ्यांची ही गोष्ट मुलांना शिकवताना मीच सांगत आले होते. बाकावर बसायला पुढे तिचा आधार झाला.

हौदाच्या खाली एक दालन आहे. वर पाणी, खाली माणसं. एप्रिलमध्येही तिथं थंडावा असतो. मला मात्र थंडी सोसत नाही, म्हणून मी वरच बसते.

सहा महिन्यांनी दौलताबादला जायला परवानगी मिळाली. शत्रू थकावा, अडावा म्हणूनच हा किल्ला असा बांधला आहे. दरवाजे सरळ रेषेत नाहीत, वाट वळत जाते, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये. दारांवर लोखंडी खिळे आहेत. सहलीत आम्ही या वळणांतून पळत जायचो. आता प्रत्येक वळण म्हणजे एक मुक्काम. त्यामुळे जे कधी पाहिलं नव्हतं ते दिसू लागलं. हत्ती हौदाच्या पायऱ्या. १३१८ सालच्या जामा मशिदीचे शंभरावर खांब, ज्यांच्यातले कित्येक अधिक जुन्या मंदिरांचे आहेत. आज ही वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. आणि समोर चाँद मिनार, बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला, सुमारे २१० फूट उंच. त्याच्या पायथ्याशी लहानशी मशीद आहे. तिथल्या इराणी पद्धतीच्या निळ्या फरशांचे थोडे तुकडे अजून जागेवर आहेत. मिनारच्या सावलीत बसून मी घड्याळ बघायची. वीस मिनिटं झाली की परत.

हे परत फिरणंच सगळ्यांत अवघड. पाय दुखत असताना परतायला काही लागत नाही. पाय हलका वाटतो, पुढची पायरी समोर असते, हवा छान असते, आणि तरी पाठ फिरवायची. सोबतच्या माणसांना ते पटत नाही. आमचे हे म्हणायचे, “एवढं आलोय तर चिनी महाल बघून जाऊ की.” त्यांना दोन-तीनदा समजावून सांगितलं, मग तेच माझं घड्याळ सांभाळायला लागले. फाटकाबाहेर पेरू विकणाऱ्या एक मावशी आहेत. सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, थंडीत पेरू. त्या मला ओळखायला लागल्या. “ताई, आज कुठवर?” असं विचारायच्या. मी सांगायची आणि त्या मान डोलवायच्या. माथ्यावर का गेले नाही, असं मला कधीच न विचारणारं ते एकच माणूस.

नोव्हेंबरपर्यंत मी चिनी महालाच्या पुढे, बुरुजावरच्या मेंढा तोफेपर्यंत पोचले होते. चिनी महालात १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन कुतुबशहाला कैदेत ठेवलं होतं, ते त्याच्या मृत्यूपर्यंत. मुलांना ही तारीख सांगताना कधी सुचला नाही असा प्रश्न तिथं बसल्यावर सुचला: इतक्या वर्षांत तो रोज किती पावलं चालत असेल?

या सगळ्या चालण्याच्या मागे एक हिशेब होता. अम्मीला, माझ्या आईला, उमऱ्याला न्यायचं होतं. तिचं वय ७२. अब्बांच्या पश्चात तिनं हा एकच हट्ट धरला होता, आणि तोही बोलून नाही, पैसे साठवून. सफा ते मरवा एक फेरी साधारण साडेचारशे मीटर, सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त. तवाफ वेगळा. संगमरवरी फरशीवर, गर्दीत. स्त्रियांना इहरामच्या हालतीत मोजे घालायला मुभा आहे, हे अम्मीनंच मला सांगितलं होतं. फेब्रुवारीची तिकिटं काढली. मेंढा तोफेपासून खंदकाच्या पुलापर्यंत किती पावलं, हे मी फेऱ्यांच्या भाषेत मोजत होते.

डिसेंबरात घरात सगळ्यांना ताप आला, मलाही. तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी पाऊल निळं आणि बर्फासारखं होतं. चादर पुन्हा लागू लागली. वुजूचं कोमट पाणी पावलावर पडलं तरी जीव कळवळायचा. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतलं आणि काही दिवस पावलावर ओला हात फिरवण्याची सवलत घेतली. नमाज पुन्हा खुर्चीवर. तांदळाची परात कपाटात गेली, कापूस बाहेर आला. एक वर्ष पुसलं गेलं असंच मला वाटलं.

फिजिओ घरी आला. त्यानं पाय हातात न घेता, नुसता पाहून सांगितलं, “मॅडम, शून्यावर जायचं नाही. अर्ध्यावर जायचं.” म्हणजे मागच्या आठवड्यात जे करत होते त्याच्या निम्मं. चालणं वीस मिनिटं असेल तर दहा. तेही जमलं नाही तर पाच, पण पलंग धरायचा नाही. अशी उसळी या आजारात येतेच, ताप, थंडी, अपुरी झोप, घरातली काळजी, कशानंही, आणि कधी कधी कशानंच नाही. म्हणून ती येण्याआधीच, बरं असताना, काय करायचं ते लिहून ठेवायचं. त्या रात्री मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहिलं आणि मसाल्याच्या डब्यांच्या वर चिकटवलं. अर्धं चालणं. आरसा बंद करायचा नाही. गोळ्यांचं प्रमाण स्वतः वाढवायचं नाही, डॉक्टरांना फोन. झोपेची वेळ पक्की. पाण्याच्या बादल्या यांनी उचलायच्या. मुलीनं रोज ‘कसं आहे?’ न विचारता फक्त त्या दिवसाचा शब्द विचारायचा. शेवटची ओळ मी मोठ्या अक्षरात लिहिली होती: घरी आलेल्या पाहुण्यांना आजार समजावून सांगण्याची जबाबदारी रुग्णाची नाही. ती यांनी घेतली आणि नीट निभावली.

कारण पाहुणे येतात, आणि येताना हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचा सब्र घेऊन येतात. अर्थ असा की गप्प बस. मला हा अर्थ कधीच पटला नाही. कुरआनात अय्यूब अलैहिस्सलाम आपल्या रबला हाक मारतात, मला त्रास झाला आहे असं सांगतात. त्यांचं ते सांगणं ऐकलं जातं. मग त्यांना पाय जमिनीवर मारायचा हुकूम होतो आणि तिथून थंड पाणी निघतं. दुखण्याबद्दल बोलल्यानं सब्र मोडत असता तर तो किस्सा असा आलाच नसता. ‘मनावर घेऊ नका’ म्हणणारे आणि ‘सब्र करा’ म्हणणारे दोघंही मला एकाच बाकावर बसलेले दिसतात. सब्र हवाच. दहा मिनिटांचं चालणं दहा मिनिटांतच थांबवायला तो पुष्कळ लागतो.

फेब्रुवारीचा उमरा रद्द केला. तिकिटांचे थोडे पैसे कापले गेले. अम्मी दोन दिवस काही बोलली नाही. बॅगेतून पांढरे दुपट्टे काढले, घडी घातली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. मी स्वयंपाकघरात रडत होते ते तिला ऐकू गेलं असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात येऊन म्हणाली, “पनचक्की को चलती क्या?”

तिचे गुडघे, माझं पाऊल. पाच मिनिटं चालायचो, दोन मिनिटं बसायचो. तिनं आयुष्यात कधी चालताना घड्याळ पाहिलं नव्हतं, पण तिचा वेग आपोआप माझ्याइतकाच निघाला. वडाखाली बसून तिनं सांगितलं की माझ्या जन्मानंतर वर्षभर तिची कंबर दुखत होती आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही. मी विचारलं, “का?” तर म्हणाली, “पूछा किसने?” मग तिनं माझ्या वहीतले शब्द विचारले आणि स्वतःचा एक सांगितला, कसक. तो माझ्या रकान्यात नव्हता.

ती उसळी ओसरायला २३ दिवस लागले. पुढची पावसाळ्यात आली, १६ दिवस राहिली. त्यानंतरची १९ दिवस. म्हणजे दर वेळी कमीच होते असं नाही. वहीत मी आणखी एक आकडा लिहिते: उसळी संपल्यावर पूर्वीच्या जागेपर्यंत परत यायला लागलेले आठवडे. तो मात्र तिन्ही वेळा खाली आला आहे, नऊ, सहा, पाच. पाय जे शिकला ते पुरतं विसरत नाही, असं फिजिओ म्हणतो. ज्या भगिनींच्या घरी असं दुखणं आहे त्यांनी दुखण्यासोबत हा परतीचा आकडाही लिहावा. वाईट दिवसात दुखण्याचा आकडा वाचून काही मिळत नाही, हा वाचून मिळतं.

यंदाच्या थंडीत आम्ही पुन्हा पैसे जमवतो आहोत. या वेळी सई व्हीलचेअरवरून करण्याचीही तयारी ठेवली आहे. मुभा आहे तर ती घ्यायला अम्मीची हरकत नाही, माझी थोडी आहे. खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या अंगणात मी अनवाणी चालायचा सराव करते. सकाळी, दगड तापायच्या आधी. सध्या चाळीस पावलं. फरशी जिथं खडबडीत आहे तिथं ‘चुभन’, गुळगुळीत जागी काही नाही.

मागच्या रविवारी अम्मीही किल्ल्यावर आली. वळणांवर बसत, मिनारच्या सावलीत केळी खात, अडीच तासांनी आम्ही खंदकाच्या पुलावर पोचलो. खाली पाणी हिरवं होतं. पुलापलीकडे अंधारीचं तोंड, तिथून वटवाघळांचा वास येत होता. या किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरांनाही भारी पडतील एवढे उंदीर असल्याचं इब्ने बतूता लिहून गेला आहे, ते मी अम्मीला सांगितलं. तिनं वाकून आत पाहिलं.

“अंदर क्या है?”

“अंधेरा. और सीढ़ियाँ.”

“तो चल वापस. असर का वक्त होता.”

परतताना पायऱ्या उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. फाटकाबाहेर मावशींनी विचारलं, “ताई, आज कुठवर?” मी काही बोलायच्या आत अम्मीनंच सांगितलं, “पुलापर्यंत,” आणि अर्धा किलो पेरू निवडायला बसली.